मेंदूतील दगडी गाठ



मराठवाड्यातल्या काळ्या रानात उन्हाळी नांगरट झाली, की ढेकळांबरोबर पांढुरके, खडबडीत खडे वर येतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असतील. हे चुनखडीचे खडे. जमिनीतल्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार वर्षानुवर्षे साचत जाऊन ते तयार होतात. आता अशी कल्पना करा, की कॅल्शियमचे असेच क्षार एखाद्या माणसाच्या डोक्यात, मेंदूला लागून वाढणाऱ्या एका गाठीत साचू लागले आहेत. मग काय होईल?

हे नुसते कल्पनेतले नाही. मेंदूच्या आवरणांपासून वाढणाऱ्या काही गाठी कालांतराने इतक्या कठीण होतात, की शस्त्रवैद्याच्या हत्याराला त्या दगडासारख्या लागतात. आश्चर्य असे, की यांतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. वैद्यकाच्या भाषेत त्या ‘सौम्य’ असतात. मग सौम्य गाठीसाठी थेट कवटी उघडण्याचे धाडस का करायचे? आणि दगड झालेली गाठ मऊ मेंदूला धक्का न लावता बाहेर काढायची तरी कशी? या दोन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू.

तीन पदरी वेष्टण

जिवंत माणसाचा मेंदू खरवसासारखा मऊ असतो. बोटाने जरा जोरात दाबला तरी त्याला इजा होईल. म्हणून निसर्गाने तो कवटीच्या भक्कम पेटीत ठेवला आहे आणि वर तीन पदरी वेष्टणात गुंडाळला आहे. या वेष्टणांना ‘तानिका’ म्हणतात. कवटीला आतून चिकटलेली जाड, चिवट ती दृढतानिका. तिच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक ती जालतानिका. आणि मेंदूच्या प्रत्येक घडीला बिलगून बसलेली ती मृदुतानिका. जालतानिका आणि मृदुतानिका यांच्या मधल्या पोकळीत पाण्यासारखा स्वच्छ मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो.

आपली गाठ जालतानिकेच्या पेशींपासून उगवते आणि बहुधा दृढतानिकेला चिकटून वाढते. तिला ‘मेनिंजिओमा’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतील विख्यात शस्त्रवैद्य हार्वी कुशिंग यांनी १९२२ साली दिले. प्रौढ माणसांच्या डोक्यात मूळ धरणाऱ्या गाठींमध्ये ही सर्वांत जास्त आढळते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण सुमारे दुप्पट असते.

या गाठीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पेशी जागोजागी भोवऱ्यासारख्या वेटोळी घालून बसलेल्या दिसतात. वेटोळ्याच्या मधल्या पेशी झिजून मरतात आणि त्या जागी कॅल्शियम फॉस्फेट साचू लागते. थरावर थर चढून कांद्यासारखा एक सूक्ष्म गोळा बनतो. ग्रीक भाषेत वाळूला ‘सॅमॉस’ म्हणतात, म्हणून या गोळ्यांना ‘सॅमोमा कण’ असे नाव पडले. काही गाठींत असे कण तुरळक असतात. काहींत मात्र ते इतके दाटतात, की सारी गाठच वाळूची, आणि पुढे दगडाची वाटावी. या क्रियेला ‘कॅल्सीभवन’ म्हणतात. कॅल्सीभवन झालेली गाठ सामान्यतः फार सावकाश वाढते. म्हणजे दगड होणे हे एका परीने ती शांत असल्याचेच लक्षण आहे.

सौम्य, पण जागा कुठे आहे?

सौम्य गाठ आणि मारक गाठ यांत फरक काय? मारक गाठ शेजारच्या पेशींत घुसते, आणि शरीरातल्या अनेक मारक गाठी रक्तावाटे दूरच्या अवयवांतही जातात. सौम्य गाठ असे काही करत नाही. ती आपल्या जागी राहते आणि शेजाऱ्याला फक्त बाजूला सारते. हीच गाठ दंडावर किंवा पाठीवर असती, तर माणूस तिला घेऊन आयुष्यभर सुखाने राहिला असता.

परंतु डोक्यात बाजूला सरायला जागा कुठे आहे? प्रौढ माणसाच्या कवटीत सुमारे १,४०० ते १,५०० घन सें.मी. जागा असते. त्यातली बहुतेक मेंदूने व्यापलेली, आणि उरलेल्यात रक्त व मस्तिष्क-मेरुद्रव. कवटी ही काही रबराची पिशवी नव्हे. आत चौथा पाहुणा आला, तर आधीच्या तिघांपैकी कोणाला तरी बाहेर पडावे लागते. प्रथम द्रव कमी होतो, मग नीलांमधले रक्त कमी होते, आणि तेही संपले की मेंदूच दबू लागतो.

येथे तुमच्या भूमितीतले एक सूत्र कामास येते. गोलाचे घनफळ त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३ सें.मी. व्यासाच्या गाठीचे घनफळ सुमारे १४ घन सें.मी. असते. व्यास दुप्पट, म्हणजे ६ सें.मी. झाला, की घनफळ दुप्पट नव्हे, आठपट, म्हणजे सुमारे ११३ घन सें.मी. होते. हा झाला चहाचा एक भरलेला कप!

डोक्यात अचानक यापेक्षा निम्मा रक्तस्राव झाला, तरी माणूस दगावू शकतो. मग एवढी मोठी गाठ घेऊन रुग्ण चालत दवाखान्यात कसा येतो? याचे उत्तर ‘वेळ’ हे आहे. गाठ दहा-पंधरा वर्षांत हळूहळू वाढली, तर मेंदू तेवढ्याच हळूहळू सरकत, चेपत स्वतःला जुळवून घेतो. पण या जुळवून घेण्याला सीमा आहे. ती ओलांडली, की इतके दिवस गप्प असलेली गाठ थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते.

गाठ वर्दी कशी देते?

गाठ ज्या भागाला दाबते, त्या भागाचे काम आधी बिघडते. उजव्या-डाव्या हातापायांना चालना देणाऱ्या पट्ट्यावर ती असेल, तर एका बाजूचा पाय जड पडतो किंवा अवयवाला झटके येतात. दृष्टीच्या चेतातंतूंजवळ असेल, तर नजर अधू होते. पुन्हापुन्हा चष्म्याचा नंबर बदलूनही नीट दिसत नाही. नाकाच्या मुळावर, कपाळामागे असेल, तर वास येईनासा होतो आणि स्वभाव बदलतो. कामसू माणूस उदास, सुस्त होतो, आणि घरची माणसे म्हणतात, “आता वय झालं.” याशिवाय पहाटे जास्त जाणवणारी आणि आठवड्यागणिक वाढत जाणारी डोकेदुखी, तिच्याबरोबर उलट्या, ही दाब वाढल्याची खूण आहे.

साध्या डोकेदुखीने कोणी घाबरून जाऊ नये. शंभर डोकेदुख्यांमागे शंभर साधी कारणे असतात. पण ज्याला पूर्वी कधी फिट आली नव्हती, अशा मोठ्या माणसाला पहिली फिट आली, तर तिचे कारण शोधलेच पाहिजे. आपल्याकडे फिट आली, की कांदा नाहीतर चप्पल हुंगवण्याची घाई होते. कोणी अंगारा लावतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो. फिट बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते! तुमच्यासमोर असा प्रसंग आला, तर रुग्णाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर सारा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. आणि थांबली तरी “आता बरे वाटते” म्हणून तपासणी टाळू देऊ नका. दृष्टीचा चेतातंतू फार काळ दबून सुकला, तर पुढे गाठ कितीही कौशल्याने काढली तरी गेलेली नजर बहुधा परत येत नाही. सौम्य गाठीत खरा शत्रू पुष्कळदा गाठ नसते, उशीर असतो.

चुना पांढरा का दिसतो?

पूर्वी गाठ कुठे आहे हे केवळ लक्षणांवरून ओळखावे लागे. १८७९ साली ग्लासगो येथील विल्यम मॅकएवेन यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीची अशी गाठ काढली. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. तो राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावला.

क्ष-किरणांचे चुन्याशी खास नाते आहे. एखादे मूलद्रव्य क्ष-किरण किती शोषते, हे त्याच्या अणुक्रमांकावर अवलंबून असते, आणि शोषणाच्या एका मुख्य प्रकारात ते अणुक्रमांकाच्या सुमारे घनाच्या प्रमाणात वाढते. मऊ ऊतकांत मुख्यतः हायड्रोजन (१), कार्बन (६), नायट्रोजन (७) आणि ऑक्सिजन (८). कॅल्शियमचा अणुक्रमांक २०. आता २० ला ८ ने भागा आणि उत्तराचा घन करा. उत्तर साडेपंधराच्या आसपास येते. म्हणजे या प्रकारे वजनास वजन कॅल्शियम हे ऑक्सिजनच्या सुमारे पंधरापट क्ष-किरण अडवते. म्हणूनच हाडे आणि चुना साचलेली गाठ चित्रात पांढरी उमटते.

साध्या क्ष-किरण चित्रात एकावर एक सावल्या पडतात. ही अडचण इंग्लंडमधील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी सोडवली. डोक्याभोवती क्ष-किरणांची नळी फिरवून, सर्व दिशांनी मोजमाप घेऊन, गणकयंत्राकडून त्यांनी मेंदूचे आडवे काप ‘काढवले’. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा असा सीटी स्कॅन झाला. १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळाले. आज सीटी चुना आणि हाड दाखवतो, तर चुंबकीय क्षेत्रावर चालणारा एमआरआय मऊ मेंदू, चेतातंतू आणि रक्तवाहिन्या गाठीशी कशा भिडल्या आहेत हे दाखवतो. शस्त्रवैद्याला दोन्ही लागतात.

एक सावधगिरी मात्र हवी. स्कॅनमधला प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे गाठ नव्हे. मोठ्या माणसांच्या तृतीय नेत्र ग्रंथीत चुना साचणे अगदी नेहमीचे आहे. आपल्या देशात क्षयाचे किंवा फीतकृमीच्या अंड्यांमुळे झालेले जुने डागही चुन्यासारखे दिसतात. निदान तज्ज्ञानेच करायचे असते.

वेल्लोरपासून घाटीपर्यंत

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग प्रथम १९४९ साली वेल्लोर येथे डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला. पाठोपाठ मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम उभे केले. मुंबईत डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांच्यासारख्यांनी ही विद्या रुजवली. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचे. त्याचे रुग्णालय सारा मराठवाडा ‘घाटी’ या नावाने ओळखतो. त्या काळी इथल्या रुग्णाला मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दूरच्या मोठ्या शहराची वाट धरावी लागे. आज शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे, आणि स्कॅनची यंत्रे व मेंदूचे शस्त्रवैद्य शहरातच आहेत. जालना, बीड, परभणीहून येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. कारण वाट जितकी लांब, तितका माणूस दुखणे अंगावर काढतो.

मोसंबी आणि कवठ

आता शस्त्रक्रियागृहात जाऊ. भूलतज्ज्ञाने रुग्णाला गाढ झोपवले आहे. डोके तीन टोकांच्या चिमट्यात घट्ट धरले आहे, कारण पुढच्या कामात ते एक मिलिमीटरही हलून चालणार नाही. शिरेतून ‘मॅनिटॉल’ नावाचा साखरेसारखा पदार्थ दिला जातो. तो रक्तातच राहतो आणि परासरणाने मेंदूतले पाणी ओढून घेतो. परासरण तुम्ही मीठ लावलेल्या काकडीत पाहिले आहे. मेंदू थोडा आकसतो आणि काम करायला जागा मिळते.

कवटीला छोटी भोके पाडून, ती करवतीने जोडून हाडाची एक खिडकी उघडतात. मग दृढतानिका कापतात. पहिले काम गाठीची रसद तोडण्याचे. तिला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या बहुधा दृढतानिकेतून येतात. दोन टोकांमधून विद्युतप्रवाह जाणाऱ्या चिमट्याने त्या एकेक करून बंद करतात. रक्त थांबवण्यासाठी विजेचा वापर मेंदूच्या शस्त्रक्रियेत रुजवला तो कुशिंग आणि भौतिकीतज्ज्ञ विल्यम बोवी यांनी १९२६ मध्ये.

यानंतर गाठ ओढून बाहेर काढायची? मुळीच नाही! एवढा मोठा गोळा ओढला, तर त्याच्या पलीकडे बिलगलेल्या धमन्या आणि चेतातंतू ताणून तुटतील. म्हणून गाठ आतून पोखरतात. मोसंबीला एक भोक पाडून आतला गर चमच्याने काढला, की साल सैल पडते आणि आत दुमडता येते. तसेच येथे करतात. पोखरण्यासाठी एक नामी साधन आहे. सेकंदाला सुमारे २३,००० वेळा कंप पावणारी पोकळ नळी. आपल्या कानांची मर्यादा २०,००० कंपनांची, म्हणजे हा श्रवणातीत ध्वनी झाला. त्याने पाणीदार पेशी फुटतात आणि नळी त्यांचा चोथा शोषून घेते. रिकामे झालेले टरफल मेंदूपासून अलगद सुटे करून, मध्ये ओल्या कापसाच्या पट्ट्या ठेवत, आत वळवून घेतात.

पण गाठ चुन्याची असेल, तर ही मोसंबी नव्हे, कवठ आहे! श्रवणातीत नळी पाणीदार पेशींवर चालते, दगडावर तिचा इलाज चालत नाही. टरफल दुमडतही नाही. मग हिऱ्याची भुकटी बसवलेल्या, वेगाने फिरणाऱ्या गोल टोकाने गाठ कणाकणाने झिजवावी लागते. घर्षणाने तापू नये म्हणून वरून सतत मिठाच्या पाण्याची धार. पोखरून पातळ झालेली भिंत बारीक चिमट्यांनी तुकडे करून उचलायची, आणि तीही मेंदूपासून दूर, आतल्या दिशेने.

अजिंठ्याला गेलात, तर लेणे क्रमांक २४ जरूर पाहा. ते अपुरे राहिल्यामुळे कारागीर डोंगर कसा पोखरत गेले याचा क्रम तिथे दिसतो. आधी छताकडचा भाग, मग खाली, आणि जो दगड खांब म्हणून ठेवायचा त्याला हात न लावता. येथेही काय काढायचे याइतकेच काय राखायचे याचे भान लागते. फरक एवढाच, की या लेण्याच्या भिंतीपलीकडे डोंगर नाही, एका माणसाची वाचा, नजर किंवा चाल आहे.

हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली चालते. गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये बहुधा जालतानिकेचा एक पातळ पडदा शाबूत असतो. तो सापडला आणि टिकवला, की अर्धी लढाई जिंकली. अशा शस्त्रक्रियेला सात-आठ तास सहज लागतात, कधी त्याहूनही जास्त. शेवटी दृढतानिका शिवून, हाडाची खिडकी टायटेनियमच्या छोट्या पट्ट्यांनी परत बसवतात.

डोक्यातल्या गाठीला किती मोठे होता येते, याचे एक उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एका तरुणाच्या डोक्यातून १ किलो ८७३ ग्रॅम वजनाची गाठ काढण्यात आली. ती कवटीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे पसरली होती. शस्त्रक्रियेला सुमारे सात तास आणि रक्ताच्या ११ बाटल्या लागल्या.

थोडे मागे ठेवण्यातले शहाणपण

गाठ पूर्ण काढली की प्रश्न मिटला, असे तुम्हाला वाटेल. अमेरिकेचे सेनानी लेनर्ड वुड यांची गाठ कुशिंग यांनी १९१० मध्ये काढली. त्यानंतर वुड यांनी अमेरिकी भूदलाचे सर्वोच्च पद सांभाळले आणि ते फिलिपीन्सचे गव्हर्नर जनरलही झाले. परंतु गाठ पुन्हा वाढली, आणि १९२७ मध्ये पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ते वारले. मधली सतरा वर्षे मात्र त्यांना मिळाली.

गाठ का परतते, याचा हिशेब डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ मध्ये मांडला. गाठ, तिचे दृढतानिकेतले मूळ आणि बाधित हाड असे सारे काढलेल्यांत शंभरांपैकी सुमारे ९ जणांना ती पुन्हा झाली होती. काही भाग मागे राहिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४० होते. तेव्हा सर्व काढणे चांगलेच. परंतु दगडी गाठीचा एक पापुद्रा मेंदूच्या मुख्य धमनीला किंवा दृष्टीच्या चेतातंतूला घट्ट चिकटला असेल तर? तो खरवडण्याच्या नादात धमनी फाटली, तर गाठ जाईल आणि माणूसही जाईल. अशा वेळी जाणता शस्त्रवैद्य हात थांबवतो. तेवढा भाग ठेवतो, रुग्णाला तसे सांगतो आणि दरवर्षी स्कॅन करून लक्ष ठेवतो. चुना साचलेला भाग बहुधा सावकाश वाढतो. तो वाढू लागलाच, तर नेमक्या जागी किरणांचा मारा करण्याचा उपाय हाताशी आहे. काही लहान, त्रास न देणाऱ्या दगडी गाठींना तर शस्त्रक्रियाच लागत नाही, नुसती नजर ठेवली तरी पुरते.

करून पाहा

जेवणाच्या रिकाम्या डब्यात मधोमध एक मोसंबी ठेवा आणि भोवती ओला कापूस गच्च भरा. झाकणाऐवजी पुठ्ठा बांधून त्याला मोसंबीपेक्षा लहान भोक पाडा. आता कापूस न हलवता मोसंबी बाहेर काढा. ओढून जमते की पोखरून? नंतर मोसंबीच्या जागी कवठ ठेवून विचार करा, तुम्ही कोणती हत्यारे वापराल आणि कुठे थांबाल? आपले उत्तर वर्गात मित्रांना आणि शिक्षकांना सांगा. आणि घरी कोणी म्हणाले, की “गाठ साधी आहे, बघू पुढच्या वर्षी,” तर त्यांना चहाच्या कपाचे गणित जरूर करून दाखवा.